घशातली पट्टी

३ जानेवारी १९५७, गुरुवार

आज डॉ. श्यामकांत रेगे आले होते. नाक-कान-घशाचे सर्जन, वय बत्तीस-तेहतीस, गेल्या वर्षी विलायतेहून परतलेले. बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे न बघता नाकाकडे बघतात. मला आधी वाटलं, माझ्याच नाकाला काहीतरी लागलंय. दोनदा पदराने पुसलं.

त्यांचं म्हणणं असं : घाटकोपरला माझं हे सहा खाटांचं प्रसूतिगृह आहे, ऑपरेशनची खोली आहे, गुरुवारी सकाळी ती बहुतेक रिकामी असते. इकडच्या उपनगरांत नाकाच्या ऑपरेशनची धड सोय नाही, लोकांना शहरात हेलपाटे घालावे लागतात. तर दर गुरुवारी त्यांनी नाकं करावीत, आणि लागेल तेव्हा भूल मी द्यावी.

"मी बाळंतपणात क्लोरोफॉर्म देते, डॉक्टर. नाकातलं मला शेंबडापलीकडे काही कळत नाही."

ते हसले नाहीत. म्हणाले, "क्लोरोफॉर्म चालणार नाही. नाकातलं रक्त आवरायला ॲड्रिनॅलिन लावावं लागतं. ती दोन औषधं एकत्र आली तर हृदय बंद पडू शकतं. ईथर द्यावं लागेल. नळी घालून."

"नळी कुठे?"

"श्वासनलिकेत."

दहा वर्षं डॉक्टरकी करतेय. शेकडो पोरांच्या तोंडात बोट घालून त्यांना रडवलंय. पण जिवंत माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालायची म्हणजे नेमकं काय दिसतं, हे मी कधी पाहिलेलं नाही. भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, बघायला तर मिळेल! हो म्हणून बसले.

वर आल्यावर शुभाला सांगितलं. शुभा माझी धाकटी बहीण, शाळेत शास्त्र शिकवते, आम्ही दोघी वरच्या दोन खोल्यांत राहतो. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, नवीन काही दिसलं की तुझं भान सुटतं बघ." सुटलं तर सुटलं.

१० जानेवारी, गुरुवार

पहिली दोन नाकं झाली. दोन्ही माणसं जागी, खुर्चीत बसलेली. माझं काम फक्त नाडी धरायचं. त्यामुळे पोटभर बघितलं.

रेगे बोटभर रुंद जाळीच्या पट्ट्या औषधात भिजवून नाकात सारतात आणि मग घड्याळ लावून दहा मिनिटं स्वस्थ बसतात. काही करत नाहीत! पट्ट्या काढल्या तर आतलं लालबुंद कातडं पांढुरकं पडलेलं. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या. "घाई केली की रक्त येतं," म्हणाले. तापती सुई लावून रक्त का थांबवत नाही, विचारलं. म्हणाले, जागं असताना ठीक आहे, पण उद्या ईथर दिलं तर खोलीसकट आपण उडू. ईथर पेट घेतं. म्हणजे दाबून धरणं, पट्टी भरणं आणि धीर धरणं, एवढीच हत्यारं.

दुसरा पेशंट मुलुंडचा वकील. रक्त आलं तशी त्याने सवयीने मान मागे टाकली. रेग्यांनी त्याचं डोकं धरून पुढे वाकवलं आणि मांडीवर तसराळं ठेवलं. "रक्त बाहेर येऊ द्या. मला दिसू द्या. मागे गेलं तर ते घशात जातं, आणि मला वाटतं थांबलं." वकिलाची बायको बाहेरून विचारत होती, कांदा हुंगायला देऊ का. आमच्याकडेही घोळणा फुटला की आई हेच करायची, मान मागे आणि कांदा नाकाला. इतकी वर्षं आपण ते रक्त गिळलं की काय!

रेग्यांनी सुताराकडून एक फळी करून आणलीय. तिला वीस खिळे. ऑपरेशनला बरोबर वीस कापडं मोजून घेतात. वापरलेलं प्रत्येक कापड एकेका खिळ्याला. शेवटी वीस खिळे भरलेले दिसले पाहिजेत. झकास युक्ती. मला ती फार आवडली.

सुगंधाला मात्र ती फळी बघवेना. सुगंधा माझ्याकडे नऊ वर्षं आहे, कुडाळकडची, दाई म्हणून आली आणि आता सगळंच करते. तिचा हात फार स्वच्छ. बाळंतीण खोलीबाहेर नेण्याआधी ती तिचं तोंड पुसते, केस विंचरते, कुंकू लावते, एक थेंब रक्त कुठे दिसू देत नाही. हे वळण मीच लावलं तिला. बाहेर बसलेल्या माणसांना आपलं माणूस नीटनेटकं दिसलं की त्यांचा अर्धा घोर कमी होतो. आज वकिलाचंही तिने मिशीवरचं रक्त पुसून, भांग पाडून त्याला बाहेर आणलं. बायको खूश. रेगे म्हणाले, "तुमची ही बाई फारच टापटिपीची आहे हो." मला अभिमान वाटला.

१३ जानेवारी, रविवार

शुभाने शाळेतून प्लास्टरचं डोकं आणलंय, मधोमध उभं चिरलेलं. हेडमास्तरांना काय थाप मारली, विचारलं नाही. पोळ्या लाटायच्या ओट्यावर ठेवून दुपारभर बघत बसले.

नाक म्हणजे पुढे दोन भोकं, हे आपल्याला माहीत. पण ते मागेही उघडतं, टाळूच्या मागे, थेट घशाच्या वर. तिथून जे काही टपकेल ते खाली. खाली दोन वाटा : पुढची हवेची, मागची अन्नाची. जागा माणूस गिळतो नाहीतर खोकतो. झोपवलेला माणूस दोन्ही करत नाही. म्हणजे आपणच त्याचं खोकणं आणि आपणच त्याचं गिळणं व्हायचं. हे वहीत लिहून खाली रेघ मारली.

मग एक प्रयोग केला. दोन्ही नाकपुड्यांत पट्ट्या भरल्या, अगदी गच्च, आणि जेवायला बसले. आमटीभात. पहिल्याच घासाला कळेना, गिळायचं की श्वास घ्यायचा. चव काहीच नाही, हिंगाचा वासच नाही. तिसऱ्या घासाला घाम फुटला आणि उठून पट्ट्या ओढून काढल्या. शुभा म्हणाली, "मुकाट्याने जेव ना गं."

पण कळलं. नाक भरलं की माणसाला तोंडाशिवाय दुसरा रस्ता नाही. तो रस्ता उघडा राहिला पाहिजे.

१७ जानेवारी, गुरुवार

आज फजिती! पेशंट सहदेव, वय तेवीस, नाहूरचा. बाप गिरणीत होता, आता नाही. आई घरी मसाले कुटून विकते. पोरगा हुतूतूचा गडी, दंड असे की आमचा रक्तदाबाचा पट्टा पुरेना. दोन वर्षांपूर्वी पकडीत कुणाचं तरी कोपर लागून नाकाचा पडदा आत वाकलाय. डावी बाजू बंद, उजवी अर्धी. त्यामुळे दम पुरत नाही. एका कारखान्याच्या संघाची निवड एप्रिलात आहे. संघात घेतलं तर कारखान्यात कायमची नोकरी. मी घड्याळ लावून त्याला 'हुतूतू' म्हणायला लावलं. सतरा सेकंदांत दम तुटला.

"आधी?" मी विचारलं.

"आधी चाळीस जायचे, बाई. पलीकडच्यांना घाम फोडायचो."

रेग्यांनी पट्ट्या भरल्या तोवर ठीक होतं. मग सुई दिसली. एवढा गडी उठला तो टेबल, तसराळं, खिळ्यांची फळी सगळं घेऊनच! सुगंधाने त्याला दारात अडवलं. "अरे झिला, वाघासारखो दिसतस आणि सुयेक भियातस?" दोघं एकाच गावचे निघाले. नाहूरलाही एकाच चाळीत, तो पहिल्या रांगेत, ती मागच्या. म्हणूनच तिने त्याला इकडे आणला होता.

ठरलं. त्याला पूर्ण झोपवायचं. म्हणजे नळी. म्हणजे मी.

त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, एकच झील माजो." एकुलता एक मुलगा. मी म्हटलं, काळजी करू नका. आपण हे वाक्य किती सहज बोलतो.

२३ जानेवारी, बुधवार

तीन दिवस रोज सकाळी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात गेले. तिथले भूलतज्ज्ञ रेग्यांच्या ओळखीचे. पहिल्या दिवशी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दिवा असलेली ती वाकडी पट्टी दिली, तिने जीभ उचलायची. दिसलं! स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या दोऱ्या आणि मध्ये काळी फट, श्वासागणिक उघडमीट. मी इतकी बघत राहिले की ते म्हणाले, "बाई, दर्शन झालं असेल तर नळी घाला."

पहिली अन्ननलिकेत गेली. पोट फुगलं. काढून परत. आज चारपैकी चार बरोबर.

नळीभोवती फट राहते. त्यातून रक्त खाली उतरू नये म्हणून घशात ओली जाळीची लांब पट्टी ठासून भरायची, नळीच्या चोहोबाजूंनी. तिचं शेपूट तोंडाबाहेर लोंबतं ठेवायचं. ऑपरेशन संपलं की आधी पट्टी, मग नळी. तिथे फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात, 'घशात पट्टी', आणि काढली की पुसतात. मला हसू आलं. वीतभर शेपूट तोंडातून बाहेर लोंबत असताना ते विसरायला माणूस आंधळा हवा. आपल्या खोलीत फळा नाही, आणि त्याची गरजही नाही.

रेग्यांना विचारलं, ही पट्टी तुमच्या वीस खिळ्यांत धरायची का. म्हणाले, "नाही नाही, ती तुमची. माझी वीस माझी." बरोबरच आहे.

३१ जानेवारी, गुरुवार

सहदेव जिवंत आहे. शुद्धीवर आहे. आज एवढंच लिहिते.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आता क्रमाने लिहिते.

सकाळी साडेआठला सुरू केलं. सुई शिरेत जाताना त्याने डोळे मिटून आईला हाक मारली आणि झोपला. ईथर हळूहळू वाढवलं. दिवा घातला, फट दिसली, नळी पहिल्या खेपेला गेली. दोन्ही बाजूंनी छाती ऐकली. पट्टी भरली, शेपूट तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर. मी खूश होते, हे कबूल करते. मनातल्या मनात शुभाला सांगत होते, बघ, जमलं.

रेग्यांनी टेबलाची डोक्याची बाजू उचलली, तशाने रक्त कमी येतं. तरी मध्येच एक शीर सुटली. पायाने दाबायचा शोषक सुगंधा चालवत होती, बाटलीत लाल चढत होतं. रेगे शांत. पट्टी भरली, बोटाने दाबून धरली, आणि घड्याळाकडे बघून चक्क गप्पा मारायला लागले, नाहूरला अजून भातशेती आहे का म्हणून. पाच मिनिटांनी सोडलं तर थांबलेलं. पुढचा पाऊण तास सरळ गेला. वाकडा पडदा काढला, दोन्ही नाकपुड्या मलमाच्या पट्ट्यांनी गच्च भरल्या, फळी बघितली. "वीस. सगळी आली."

तेवढ्यात मागच्या खोलीतून हाक आली, बाळंतिणीला ओकारी झाली म्हणून. मी दारापर्यंत गेले, तिथूनच काय द्यायचं ते सांगितलं, आणि परत आले. दोन मिनिटंही नसतील. सहदेवचं तोंड पुसून लख्ख केलेलं होतं. गालावर रक्त नाही, हनुवटीवर नाही. मी घसा वरवर शोषून घेतला, तो गिळायला लागला होता, नळी काढली, आणि त्याला कुशीवर वळवलं.

पहिला श्वास आला नाही. दुसराही. छाती आत ओढली जात होती, पोट उसळत होतं, आणि हवा जात नव्हती. जबडा पुढे ओढला. मुखवटा दाबून प्राणवायू दिला. पिशवी दाबली तर दगड. ओठ जांभळे पडायला लागले.

रेगे म्हणाले, "घशातली पट्टी?"

मी म्हटलं, "काढली."

हे मी म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नाही. शेपूट दिसत नव्हतं, म्हणजे काढली असणार. मला ती काढल्याचं आठवतसुद्धा होतं, शपथेवर सांगितलं असतं.

"मग स्वरयंत्र आवळलंय. थांबू या." थांबलो. त्या थांबण्यात त्याची नाडी चाळीसवर आली. मग रेग्यांनी गळ्याखाली बोटाने जागा चाचपली आणि चाकू मागितला. श्वासनलिका बाहेरून उघडायची.

चाकू सुगंधाच्या हातात होता. ती तो देईना. म्हणाली, "डाक्टरबाय, गळो कित्याक कापतास? आतली ती चिंधी आदी काडा."

"कुठली चिंधी?"

"तोंडातसून लोंबत होती ती. रगतान भरलेली. तेची आवस भायर बसली आसा, तां बघून रडूक लागतली म्हणान मिया आत सारलंय."

आईच्या नजरेला पडू नये म्हणून शेपूट आत! मी दोन बोटं घशात घातली. होतं. ओढलं. येतच राहिलं, माझ्या कोपरापर्यंत लांब, काळंलाल, पाण्यात पडलेल्या दोरीसारखं जड. आणि मग त्याने जो श्वास घेतला त्याचा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी घोगरा, मग ओला, मग मोकळा. ओठ गुलाबी झाले.

रेग्यांनी बाहेर जाऊन त्याच्या आईला सांगितलं, "थोडा श्वास अडकला होता. डॉक्टरबाईंनी जीव वाचवला." ती आत आली आणि मला काही कळायच्या आत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिला उठवलं. काही बोलले नाही. बोलायची ती वेळ नव्हती, असं मला तेव्हा वाटलं.

नंतर मी सुगंधाला मागच्या ओसरीत घेऊन फाडफाड बोलले. अक्कल गहाण ठेवलीस का, माणूस मारला असतास, नऊ वर्षांत हेच शिकलीस. ती खाली बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुमीच सांगितलास ना, बाय. रगात कोणाक दिसता नये."

मी म्हटलं, "उलट बोलू नकोस."

आज सकाळी रेगे आले होते. तेही झोपलेले दिसत नव्हते. म्हणाले, "मी विचारलं होतं. तुम्ही काढली म्हणालात." मग थोड्या वेळाने, "आणि मी वीस मोजून मोकळा झालो. एकविसाव्याचा विचारच केला नाही." नोंदीत त्यांनी 'स्वरयंत्र आवळलं' असं लिहिलंय. घरच्यांना सगळं सांगायची गरज नाही म्हणाले. पोरगा ठीक आहे, आणि ही सोय बंद पडली तर किती लोकांचं नुकसान. मला पटलं. खरं तर फार हलकं वाटलं.

सुगंधा आज आली नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

सहदेवच्या नाकातल्या पट्ट्या काढल्या. दोन दिवस तो तोंडाने श्वास घेत बसून होता, ओठ फुटलेले. काढताना थोडं रक्त आलं, मान पुढे, तसराळं, दहा मिनिटं मऊ भाग चिमटीत दाबून धरला, थांबलं.

मग त्याने नाकाने श्वास घेतला. थांबला. परत घेतला. माझ्याकडे असा बघायला लागला की मी घाबरले.

"काय रे?"

"बाई, बाजूला कोणीतरी बोंबील तळतंय."

खरंच तळत होते, तीन घरं सोडून. मला स्वतःला आला नव्हता वास. आम्ही दोघंही हसलो, त्याची आई पदर तोंडाला लावून रडली. हे सगळं किती छान असतं, एरवी.

सुगंधा नाही. ताप असेल.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीन पेशंट. तिन्ही जागे असतानाच केले. फळीला एकविसावा खिळा मारून घेतलाय, लाल रंगाचा. माझ्या पट्टीसाठी. भूल द्यायची असो नसो, तो खिळा आधी बघायचा असं ठरवलं.

तिघांपैकी दोघे नाहूर-भांडुपचे. विचारलं, इकडचा पत्ता कोणी दिला. "सहदेवच्या आईनं. घाटकोपरच्या बाईंनी यमाच्या हातातून पोर ओढून आणलं म्हणून सगळ्यांना सांगत असते."

दुपारी ती स्वतः आली. नारळ, वडे, घरी कुटलेला मसाला. सहदेव एकोणतीस सेकंदांवर आलाय म्हणाली. अजून पळायचं नाही, हे मी बजावलं. मग तिने आवाज खाली केला. "सुगंधान माका सगळा सांगल्यान, बाय."

मी हातातला वड्यांचा डबा खाली ठेवला.

"आपणहून इली. माज्या दारात बसली नि म्हणाली, तुज्या झिलाक मिया मारीत होतंय. माज्या हातान चिंधी आत सारलंय. डाक्टरबाय होती म्हणान वाचलो." तिचा चेहरा बदलला. "एका गावची, एका चाळीतली! मी तिका आता दारात उभी करणंय नाय. चाळीत सगळ्यांका सांगलंय. पाण्याच्या नळार पण कोण तिच्याशी बोलणत नाय."

मी काय केलं? वड्याचा डबा रिकामा करून, धुऊन तिला परत दिला. म्हटलं, "जाऊ द्या हो, तिने मुद्दाम थोडंच केलं." बस्स. एवढंच. ती जाताना परत वाकायला लागली तेव्हा मी मागे सरले, पण तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी शुभाला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं. तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "पट्टी कोणी भरली होती?"

"मी."

"काढायची कोणी होती?"

ती वर्गात पोरांना असंच विचारत असणार. मला तिचा राग आला. अजून आहे.

९ फेब्रुवारी, शनिवार

एक प्रश्न सुटत नाही. मला ती पट्टी काढल्याचं आठवत कसं होतं? इस्पितळात चार वेळा काढली होती, त्यातलीच एक आठवण असेल का? मन असं मागच्याचं पुढे आणून चिकटवतं का? याचा कोणी अभ्यास केला आहे का, बघितलं पाहिजे.

हे लिहिताना लक्षात आलं, की मी मन कसं चालतं याचा शोध घेत बसलेय आणि तिकडे सुगंधा नळावर एकटी उभी आहे. तिने शेपूट आत सारलं, ही चूकच झाली. पण शेपूट दिसो न दिसो, आत काय भरलंय हे माहीत असलेली त्या खोलीत एकच बाई होती. सुगंधाला कोणीही सांगितलं नव्हतं की ती चिंधी कशासाठी आहे. मला नाकाच्या मागच्या दारापासून सगळं समजून घ्यायचं होतं, रोज चार प्रश्न विचारत होते. तिला सांगावं असं एकदाही वाटलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

भांडुपला उतरून नाहूरला चालत गेले. ऊन होतं. रेग्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी समजावलं असतं आणि मला परत पटलं असतं.

सहदेव दारात बसून मसाल्याच्या पुड्या बांधत होता. त्याच्या आईने घाईघाईने चटई टाकली, चहाचं आधण ठेवलं, शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाली, डाक्टरबाय इली. मी म्हटलं, चहा नंतर, आधी बसा. दोघं बसा.

आणि सांगितलं. पट्टी काय असते, ती कशाला भरतात. मी भरली, मी काढायची होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काढली म्हणाले. त्यामुळे ते दुसरंच समजले आणि वेळ गेला. तुमच्या पोराच्या गळ्याला चाकू लागायचा तो सुगंधाने अडवला. तिने सांगितलं नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं. तिने शेपूट आत ढकललं ते मीच लावलेल्या वळणाने. तिला दोष द्यायचा असेल तर पाव भाग द्या, बाकीचा माझा.

सहदेव म्हणाला, "केवढी होती हो पट्टी?" मी हातावर दाखवली, बोटांपासून कोपरापर्यंत. त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

त्याची आई माझ्याकडे बघत होती. चुलीवर पाणी उकळून सांडत होतं, तिने उठून उतरवलं नाही. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मगे त्या दिसा," ती अगदी हळू म्हणाली, "माका तुमच्या पायां कित्याक पडूक दिलास?"

याचं उत्तर मी तयार करून नेलं नव्हतं. चुकीबद्दल सगळं पाठ केलं होतं, हे नव्हतं. वेळ तशी नव्हती म्हणायचं मनात आलं. गडबडीत होते म्हणायचंही आलं. ती वाट बघत होती.

मी म्हटलं, "बरं वाटलं म्हणून."

मग तिने पातेलं उतरवलं, चूल विझवली. चहा केला नाही. सहदेवला म्हणाली, "जा, मागल्या रांगेतसून सुगंधाक बोलावून हाड. आणि वाटेत जो कोण भेटात तेका सांग, हयसर येवा. डाक्टरबायक काय तरी सांगूचा आसा."

तो गेला. मी चटईवर बसून राहिले. एकेक करून बायका दाराशी आल्या, ओल्या हातांनी, कडेवर पोरं घेऊन. सगळ्यांत मागे सुगंधा उभी होती. तिला पुढे यायला कोणी वाट देईना, म्हणून मीच उठले, तिच्यापाशी जाऊन उभी राहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.